शिहाबच्या पाठीचा रंग

नाबुल
गुरुवार, १० ऑक्टोबर १९९६, सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं

माननीय बेलगासेम मामा यांस सलाम.

आत्ता मी भट्टीच्या दारासमोर उलट्या बादलीवर बसलो आहे. काल विझवलेली भट्टी अजून हाताला सोसत नाही. उस्ताद शेदली म्हणाले, "दहाच्या आत दार उघडलंस तर फरशा तडकतील, आणि मग मी तुला तडकवीन." म्हणून एक तास चाळीस मिनिटं रिकामी मिळाली आहेत.

बातमी अशी की स्फाक्सच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी जिन्यातल्या भिंतीसाठी साठ फरशांचं चित्र सांगितलं आहे. वाळवंट, दोन घोडेस्वार, एक ससा आणि एक शिकारी स्लूगी कुत्रा. घोडे उस्ताद स्वतः रंगवतील. कुत्रा मला दिला आहे. चार वर्षं मी किनारीची पानं भरली, आता पहिल्यांदाच जिवंत काही हातात आलं. जमलं तर जानेवारीपासून चित्रकारांच्या बाकावर बसायचं. नाही जमलं तर पुन्हा पानं, बहुतेक कायमची.

पहिला कच्चा कुत्रा काढला तो फसला. त्या दिवशी डॉक्टर रीम म्हणून जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या पाटीसाठी आल्या होत्या. त्यांनी माझा कागद उचलून विचारलं, "हे कुणी काढलं?"

मी म्हटलं, "मी."

"याचं नाक तपकिरी आणि तोंड काळं आहे. असा कुत्रा देवाने अजून केलेला नाही. तू केलास."

उस्ताद म्हणाले, "बाई, तो नवा आहे. त्याच्या हातात गाढव दिलं तरी शेपटीला पानं फुटतात."

सगळे हसले. पण बाई जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि त्यांनी काही गोष्टी सांगितल्या. मी त्या वहीत उतरवून घेतल्या आहेत. ज्या कुत्र्याचं नाक तपकिरी, त्याच्या अंगावर एकही काळा केस असू शकत नाही, कारण त्याच्या शरीराला काळा रंग बनवताच येत नाही. पांढरा रंग पंजे, छाती आणि शेपटीचं टोक इथून सुरू होतो आणि मग वर चढतो. म्हणून पंजे गडद ठेवून पाठीवर मधेच पांढरा ठिपका टाकायचा नाही. चार वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं आहे की मनाने कुत्रा काढायचा नाही. आपला शिहाबच काढायचा. पण मामा, त्याला पाहून मला दोन वर्षं सात महिने झाले. डोळे मिटले की तो धावताना दिसतो, पाठीचा रंग मात्र दिसत नाही. कृपया त्याला उन्हात उभा करून लिहा: नाक कसं आहे, तोंडाचा काळा रंग डोळ्यांच्या वर जातो की खालीच थांबतो, पाठीच्या केसांची टोकं काळी आहेत का, छातीवर पांढरं आहे का. आणि पाठीवरचे चिमूटभर केस पाकिटात घालून पाठवा. आमचे रंग भट्टीत जाण्याआधी सगळे राखेसारखे दिसतात. नमुना समोर असला तर बरं.

तो जेवतो ना? खजुराच्या बिया गिळू देऊ नका. रात्री आत घेता ना?

तुमचा गुडघा कसा आहे?

आपला भाचा,
वनीस


दूझ
२१ ऑक्टोबर

बाळ वनीस,

तुझं पत्र पोस्टातल्या कारकुनाने फोडलेलं नव्हतं, पण वरचा पत्ता वाचूनच तो म्हणाला, "हा पोरगा कलेक्टर आहे का?" मी म्हटलं, फरशा रंगवतो. त्याला पटलं नाही. सैन्यात मला लिहायला शिकवणारा हवालदारसुद्धा इतकं सरळ लिहीत नव्हता.

आता लिहून घे. नाक काळं, ओल्या डांबरासारखं. तोंडाचा काळा रंग डोळ्यांपर्यंत चढतो आणि डाव्या डोळ्याच्या वर बोटभर जास्त जातो, म्हणून एका बाजूने तो नेहमी शंका घेतल्यासारखा बघतो. अंग वाळूच्या रंगाचं. कुठली वाळू विचारशील. दुपारची नाही, सूर्य जायच्या वेळची, जिच्यात थोडं तांबडं मिसळतं. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केसांची टोकं काळी, पण फक्त टोकं. हात उलटा फिरवला की खालची वाळू दिसते. पोटाकडे रंग फिका होत जातो. छातीवर दिनाराच्या नाण्यापेक्षा लहान पांढरा ठिपका, जरासा उजवीकडे. उजव्या मागच्या पायाचं मधलं नख पांढरं. पुढच्या पायावर लहानपणी दिलेल्या डागाच्या तीन रेघा, तिथे केस उगवत नाहीत. तू रडला होतास तेव्हा, तो नव्हता रडला.

केस पुढच्या पत्रात पाठवतो. आज तो हाताला लागत नाही.

आणि तुला खूश करतो. गझालाला सप्टेंबरच्या शेवटी तीन पिल्लं झाली. शिहाबचीच. डोळे उघडलेत. दोन वाळूच्या रंगाची आणि एक पट्टेरी, अंगावर काळ्या रेघा ओढल्यासारखी. तिसरं फार दांडगं आहे, भावंडांच्या डोक्यावर पाय देऊन दूध पितं. तुझ्या चित्रात जागा असेल तर त्यालाही घे. ईदला येशील तेव्हा ते धावायला लागलेलं असेल. येशील ना? मागच्या दोन्ही वेळा तुझ्या उस्तादाने रजा दिली नाही. या वेळी म्हणावं, कुत्र्याला पोरं झालीत.

गुडघा आहे जागेवर.

तुझा मामा


नाबुल
३१ ऑक्टोबर, दुपारी साडेबारा, जेवणाच्या सुट्टीत

माननीय मामा,

पत्र मिळालं. मी ते तीनदा वाचलं आणि लगेच कागदावर शिहाब काढला. डाव्या डोळ्यावरचं ते बोटभर काळं मी साफ विसरलो होतो. तुमच्या पत्राने तो परत आला. कारखान्यात सगळ्यांना सांगितलं की माझ्या कुत्र्याला पिल्लं झाली. उस्ताद म्हणाले, "बारशाला काय देतोस?" मी सगळ्यांना आत अंडं घालून तळलेल्या ब्रिका दिल्या. अंडं कुणाच्याही शर्टावर सांडलं नाही.

पण मामा, एक अडचण आहे. मी दोन दिवस लिहू की नको करत होतो. न लिहिणं बरं नाही म्हणून लिहितो.

डॉक्टर रीम पाटी न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना पिल्लांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाप पट्टेरी?" मी म्हटलं, नाही, वाळूचा. "आई?" तीही वाळूची. त्या म्हणाल्या, "मग तिसऱ्याचा बाप दुसरा आहे."

मी म्हटलं, "आजोबा-पणजोबांचे पट्टे उतरले असतील."

तेव्हा त्यांनी पाठकोऱ्या पावतीवर काढून दाखवलं. प्रत्येक पिल्लाला रंगाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईची, एक बापाची. काही चिठ्ठ्या मुक्या असतात. त्या तीन-तीन पिढ्या गुपचूप राहतात आणि दोन्हीकडून आल्या तरच रंग दाखवतात. तपकिरी नाक तसं, निळसर राखी अंगही तसंच. पण पट्ट्यांची चिठ्ठी बोलकी असते. एक जरी मिळाली तरी अंगावर दिसते. ती वाळूच्या रंगाखाली लपून बसत नाही. सगळं अंग काळं असेल तर लपेल, किंवा अगदी दुधासारखं फिकं असेल तर. शिहाब दोन्ही नाही, गझालाही नाही. म्हणजे दोघांकडेही ती चिठ्ठी नाही, आणि जे नाही ते त्यांनी पिल्लाला दिलं कुठून?

मला वाटतं, गझाला माजावर असताना कुणाचा तरी पट्टेरी कुत्रा कुंपणावरून आत आला असेल आणि तुम्हाला कळलं नसेल. एकाच वेळी दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, असं बाईंनी सांगितलं. यात तुमचा दोष नाही. पण तुम्ही पिल्लू विकत नाही, देता, आणि देताना बापाचं, आजाचं, पणजाचं नाव घेता. मिस्बाहने एकदा खोटं नाव घेतलं म्हणून तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत, ते मी लहानपणी पाहिलं आहे. म्हणून घाई करू नका.

अजून एक शक्यता आहे. लहानपणी पाठीवर जास्तीचं काळं असतं आणि ते नंतर ओसरतं. ते पट्ट्यांसारखं दिसलं असेल. कृपया पिल्लू उजेडात नेऊन बघा: रेघा पाठीवरून फासळ्यांवर उभ्या उतरतात का, आणि मोजता येतात का?

केस पाठवायला विसरू नका. कुत्र्याचा रंग १० डिसेंबरपर्यंत पक्का करायचा आहे.

वनीस


दूझ
१२ नोव्हेंबर

वनीस,

मोजल्या. डावीकडे अकरा, उजवीकडे नऊ. उभ्याच आहेत. दोन मध्येच तुटतात.

तुझ्या डॉक्टरीणबाईंनी पुस्तकातली कुत्री पाहिली असतील. मी चाळीस वर्षं कुत्री पाहिली. कुंपण मी स्वतः घातलं आहे, खजुरीच्या झावळ्यांचं, माझ्या खांद्याएवढं, आणि त्यावरून कुणी आलेलं नाही. पिल्लांचा बाप शिहाब. शिहाब इथे माझ्या पायाशी बसलाय आणि तुझं पत्र ऐकून त्याला हसू येतंय.

केस पाठवतोय.

ऊन अजून आहे. या वर्षी खजूर चांगला उतरला, पण तोडायला माणूस मिळाला नाही. वरचे घड तसेच राहिले.

मामा


नाबुल
२० नोव्हेंबर, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, सगळे गेल्यावर

माननीय मामा,

केस मिळाले. रंग तुम्ही लिहिला तसाच आहे. मुळाशी वाळू, टोकाला काळा. मी ते काचेखाली ठेवून काळपट रंगासाठी मँगनीजचं प्रमाण ठरवलं, आणि गाढवाच्या आयाळीच्या कुंचल्याने एका फुटक्या फरशीवर रंग लावून भट्टीत टाकला. जुळला.

आता जे लिहितो त्याचा राग मानू नका. मानलात तरी चालेल.

केस कागदातून काढताना त्यांना लवंगेचा वास आला. कुत्र्याच्या पाठीला लवंगेचा वास येत नाही. तो वास मामीच्या पेटीचा आहे. मामी कापडांत लवंगा ठेवायची, ती पेटी तुम्ही ती गेल्यापासून कुणाला उघडू दिलेली नाही. आणि केस सुरीने कापलेले आहेत, एकसारखे, दोऱ्याने बांधलेले. दोऱ्याचा रंग उडाला आहे. परवा कापलेल्या केसांचा दोरा असा नसतो.

पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलंत, तो हाताला लागत नाही. मी ते चार वेळा वाचलं.

मामा, शिहाब आहे का?

मी हे पुन्हा विचारणार नाही. उत्तर आलं तर वाचेन. नाही आलं तर काय समजायचं ते समजेन.

वनीस


नाबुल
२४ डिसेंबर, सकाळचे सात

माननीय मामा,

चौतीस दिवस झाले, पत्र नाही. पोस्टात दोनदा चौकशी केली. ते म्हणाले, दूझकडची डाक वेळेवर येते आहे.

चित्र भट्टीतून निघालं. साठपैकी दोन फरशा तडकल्या, त्या दोन्ही आकाशाच्या होत्या, पुन्हा करता येतील. कुत्रा धड निघाला. उस्तादांनी कुत्र्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कुत्रा कुत्र्यासारखा दिसतोय. एका डोळ्याने माझ्यावर संशय घेतोय." एवढंच. पण पहिल्या जानेवारीपासून मी चित्रकारांच्या बाकावर बसणार आहे, खिडकीपासून तिसरी जागा.

डॉक्टर रीम बघायला आल्या होत्या. "नाव काय याचं?" म्हणाल्या. मी सांगितलं. "किती वर्षांचा?" मी फडक्याने फरशी पुसायला घेतली.

तुमची तब्येत बरी असेल तर दोन ओळी लिहा. दुसऱ्या कशाबद्दल नको. फक्त तब्येत.

वनीस


दूझ
२ जानेवारी

बाळ,

मी बरा आहे. आता बैस आणि वाच.

शिहाब गेला त्याला अडीच वर्षं होतील. तू ईदला येऊन गेलास त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. पाटावर पाणी धरायला गेलो होतो, तो पुढे होता. झुडपाखाली शिंगवाला साप होता. पुढच्या पायाला चावला. मी त्याला खांद्यावर टाकून घरी आणला, माझा गुडघा तेव्हापासूनचा. दुपारच्या नमाजाआधी गेला. तुझ्या मामीच्या जुन्या चादरीत गुंडाळून विहिरीमागे पुरला आणि केस कापून ठेवले, तू मागशील म्हणून. तू मागितलेस, पण सव्वादोन वर्षांनी.

त्याच आठवड्यात पत्र लिहायला बसलो होतो. समोर तुझी जुनी पत्रं होती. त्या सगळ्यांत पाच-सहा ओळी कुत्र्याच्या आणि शेवटी एक ओळ, माझ्या खोकल्याची. ईदला तीन दिवस आलास, तेव्हा तिन्ही दिवस त्याच्याबरोबर बाहेर होतास. मी तक्रार करत नाही, तुझं वयच तसं. पण मला वाटलं, कुत्रा गेला हे कळलं तर त्या पाच ओळी जातील. आणि एका ओळीसाठी कोण तिकीट लावतं? मग ईदला घरात मी आणि रेडिओ.

म्हणून लिहिलं, तो बरा आहे. एकदा लिहिल्यावर दर महिन्याला लिहावं लागलं. तू विचारायचास, खजुराच्या बिया गिळतो का, आणि मी इथे एकटा बसून विचार करायचो की गिळतो म्हणावं की नाही. खरं सांगू, लिहिताना तो असल्यासारखा वाटायचा. दोघांनाही फसवत होतो म्हण.

दोन वर्षं तू आला नाहीस, ते एका अर्थी सुटल्यासारखं झालं आणि एका अर्थी नाही. या वर्षी वाटलं, आता येईल, आणि दारात उभा राहून हाक मारील. तेव्हा निदान त्याचं म्हणून दाखवायला काही हवं. म्हणून जुलैत गझालाला घेऊन मिस्बाहच्या दारात गेलो. हो, त्याच मिस्बाहच्या. एवढ्या वर्षांनी. तो म्हणाला, "बेलगासेम, तुला रस्ता सापडला?" मी म्हटलं, "मला नाही, हिला." त्याचा कुत्रा पट्टेरी आहे, सगळ्या दूझला माहीत आहे. पट्ट्यांची चिठ्ठी बोलकी असते हे मला काय माहीत. माझी कुत्री सगळी जन्मभर वाळूची. तीन झाली तेव्हा मी दोघांकडे बघून खूश झालो आणि तिसऱ्याबद्दल खरं लिहून टाकलं. तिथेच पकडला गेलो.

पण एक ऐक. दोन पिल्लं दिली. देताना बापाचं नाव मिस्बाहच्या कुत्र्याचंच घेतलं, चारचौघांत. कागदावर खोटं लिहिता आलं, पिल्लू दुसऱ्याच्या हातात ठेवताना तोंडातून निघेना. म्हणजे गावात सगळ्यांना खरं ठाऊक होतं. एक तुला सोडून.

पट्टेरी आहे अजून. नाव ठेवलेलं नाही.

तू चित्रकार झालास हे वाचून मी मिस्बाहकडे जाऊन त्याला पत्र वाचून दाखवलं. आता न आलास तरी मी समजेन.

मामा


नाबुल
मंगळवार, १४ जानेवारी १९९७, पहाटे सव्वाचार, सहरी करून झाल्यावर

माननीय मामा,

तुमचं पत्र मिळाल्यावर मी ते दोन दिवस उघडून बंद करत होतो. तिसऱ्या दिवशी उस्तादांकडे कुंचला टाकून भट्टीमागे जाऊन बसलो. ते आले आणि म्हणाले, "रोजा लागला का?" मी म्हटलं, "माझा कुत्रा मेला." ते म्हणाले, "कधी?" मी म्हटलं, "अडीच वर्षांपूर्वी." ते शेजारी बसले. एवढा वेळ ते कधी रिकामे बसत नाहीत.

मला तुमचा राग आला आहे. तो अजून गेलेला नाही, गेला असं लिहिणार नाही. तुम्ही त्याला पुरताना मी नव्हतो, आणि सव्वादोन वर्षं मी एका मेलेल्या कुत्र्याला रात्री आत घ्या म्हणून लिहीत राहिलो. हे मला सारखं आठवतं आणि लाज वाटते.

पण मीही एक लिहायला हवं. उस्तादांनी रजा नाकारली नव्हती. दोन्ही ईदला त्यांनी स्वतः विचारलं होतं, "जात नाहीस?" दूझच्या बसथांब्यावर मी तुम्हाला आणि चार लोकांना सांगितलं होतं की दोन वर्षांत चित्रकारांच्या बाकावर बसून येईन. दोन वर्षं झाली, तीन झाली, मी पानंच भरत होतो. पानं भरणारा म्हणून तुमच्यासमोर यायचं नव्हतं. दोन्ही ईदला मी इथे वरच्या खोलीत होतो. पहिल्या ईदला उकडलेली अंडी खाल्ली. दुसऱ्या ईदला झोपलो. तिकडे तुम्ही आणि रेडिओ, इकडे मी, आणि रेडिओही नाही.

माझ्या पत्रांतल्या ओळींबद्दल तुम्ही लिहिलंत. माझ्याकडे सगळ्या पत्रांच्या प्रती आहेत, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मी मोजल्या. तुमचं म्हणणं बरोबर आहे. एवढंच म्हणतो की कुत्र्याबद्दल विचारायला सोपं जातं. तुमचं कसं चाललंय असं विचारलं आणि तुम्ही खरं उत्तर दिलंत तर मी इथून काय करणार, याची मला भीती वाटायची.

चित्रातला शिहाब तुमच्या शब्दांवरून झाला. मी तेव्हा म्हणत होतो, उन्हात उभा करून बघा. तुम्ही त्याला न बघता लिहिलंत, नखासकट. मला तो समोर असतानाही एवढा दिसला नव्हता.

पिल्लाला नाव तुम्हीच ठेवा. शिहाब ठेवू नका. मला त्याच्यावर मालकी नको. तुमच्याकडे राहू द्या, रात्री कुणीतरी दारात असावं.

गुडघा कोणत्या बाजूने दुखतो, वरून की आतून? जिना चढताना की उतरताना? रात्री शेक देता का, आणि पाणी कोण तापवतं? उरलेले खजुराचे घड अजून झाडावर असतील तर मी आल्यावर उतरवीन. चढणं मी विसरलेलो नाही, निदान तसं वाटतं. जेवायला काय करता? मिस्बाह येतो का? हे सगळं आल्यावर सांगा, पत्राने नको, कारण उत्तर येईपर्यंत मी निघालेलो असेन. ५ फेब्रुवारीच्या रात्रीच्या बसचं तिकीट काढलं आहे. ६ तारखेला, गुरुवारी, बाजाराच्या दिवशी पोहोचतो. थांब्यावर येऊ नका, गुडघा आहे.

हिशेब खाली दिला आहे, तुम्ही विचाराल म्हणून.

उस्ताद शेदलींकडून उचल: ३० दिनार
नाबुल ते ट्युनिस: २ दिनार ३५० मिलिम
ट्युनिस ते दूझ: १९ दिनार ४००
गुडघ्याचं मलम, दोन नळ्या: ५ दिनार १००
हिरवा चहा: १ दिनार ६५०
एकूण खर्च: २८ दिनार ५००
हातात शिल्लक: १ दिनार ५००
परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही.

देणं: उस्तादांना ३० दिनार, पगारातून तीन महिन्यांत. तुम्हाला दोन ईद. त्यातली एक या खेपेला देतो. एक बाकी राहते.

वनीस